कुठे ठेवू?

माझ्या प्रोग्राममध्ये एक चौकट उघडते. तिच्या माथ्यावर ‘फोल्डर निवडा’ असं लिहिलेलं असतं, खाली पिवळ्या फोल्डरांची रांग आणि कोपऱ्यात दोन बटणं. प्रोग्रामर ती चौकट एका ओळीत बोलावतो आणि पुढच्या कामाला लागतो. मीही तेच करत आले होते. गेल्या दिवाळीत ओझरला नानांच्या ओट्यावर त्या एका ओळीवरून आमचा वाद झाला आणि तो अजून पुरता मिटलेला नाही.

नाना म्हणजे माझे थोरले काका. ओझरला मिग विमानांचा कारखाना १९६४ मध्ये आला, आणि गावाच्या नावाला ‘मिग’ चिकटलं ते आजवर. नानांनी तिथे नोकरीची सगळी वर्षं हत्यारांच्या खिडकीमागे काढली. कामगाराने पितळी बिल्ला द्यायचा, नानांनी पाना द्यायचा. पाना परत आला की बिल्ला परत. पाळी संपताना फळ्यावरची एक जरी जागा रिकामी दिसली तरी कोणी घरी जायचं नाही, कारण विमानाच्या पोटात राहिलेला पाना काय करतो हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं. निवृत्त झाल्यापासून ते शिवारातल्या एका पाणी वापर संस्थेचं दप्तर बघतात.

पाणी वापर संस्था ही ओझरकरांना सांगावी लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाड धरण आहे. त्याच्या उजव्या कालव्याचं शेवटचं टोक ओझरच्या बाजूला येतं, आणि शेवटच्या टोकाला पाणी पोचत नाही हे महाराष्ट्रातल्या कालव्यांचं जुनंच दुखणं. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या वतीने शेतकऱ्यांना एकत्र केलं आणि १९९१ मध्ये इथे तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पाटबंधारे खात्याने मोजून पाणी द्यायचं, आत वाटप शेतकऱ्यांनी करायचं, पाणीपट्टीही त्यांनीच गोळा करायची. पुढे धरणाखाली अशा चोवीस संस्था झाल्या, २००३ मध्ये त्या सगळ्यांची मिळून प्रकल्पाची संस्था झाली, आणि २००५ मध्ये राज्याने याच वाटेचा कायदा केला.

अशाच एका संस्थेसाठी मी एक छोटा प्रोग्राम लिहून दिला होता. पायथॉनमध्ये, चौकटी काढायचं त्याचं टीकेइंटर हे साधन वापरून. सात नंबरचे पाणी मागणी अर्ज, आवर्तनातले तास, पाणीपट्टीच्या पावत्या भरायच्या आणि हंगाम संपला की सभासदवार उतारा काढायचा. फाइल कुठे ठेवायच्या हे मी कोणालाच विचारलं नव्हतं. विंडोजमध्ये प्रत्येकाच्या खात्याखाली ‘ॲपडेटा’ नावाची एक आडबाजूची जागा असते, एरवी ती नजरेलाही पडत नाही. प्रोग्रामने स्वतःच्या वस्तू तिथे ठेवाव्यात असा संकेत आहे. मी सगळंच तिथे ठेवलं.

मग संस्थेचा संगणक बंद पडला. दुरुस्तीला आलेल्या मुलाने विचारलं, सी ड्राइव्हला काही कामाचं आहे का? सचिवाने डेस्कटॉप बघितला, डॉक्युमेंट्स बघितलं, काही दिसलं नाही. नाही म्हणाला. मुलाने फॉरमॅट मारला. डी ड्राइव्ह जसाच्या तसा राहिला, कारण तालुक्याच्या गावातला दुरुस्तीवाला सहसा डी ड्राइव्हला हात लावत नाही. आमचा अख्खा रब्बी हंगाम सी ड्राइव्हवर होता. पावती पुस्तकं कागदावर होती म्हणून नाना आणि सचिव यांनी रात्री बसून सगळं पुन्हा भरलं.

“तू विचारलं का नाहीस?” नानांनी ओट्यावर बसल्या बसल्या पहिला प्रश्न हाच केला.

“विचारायचं नसतं म्हणून, नाना. माणूस काम करायला बसलेला असतो. त्याला मध्येच थांबवून ‘हे कुठे ठेवू’ विचारणं म्हणजे आपलं ओझं त्याच्या डोक्यावर देणं. फोनवर फोटो काढता तेव्हा फोन विचारतो का, कुठे ठेवू म्हणून?”

“नाही विचारत. आणि म्हणून मला आजवर एक फोटो वेळेवर सापडलेला नाही. पण फोटो माझे आहेत, हरवले तर मी हळहळेन. हे दप्तर तीनशे खातेदारांचं आहे. तुझ्या काकूच्या घरात कोणी पाहुणा आला, आणि आमची दागिन्यांची डबी स्वतःच्या मनाने कुठेतरी ठेवून गेला, तर त्याला मी काय म्हणू? जागा चांगली असेल, पण ती मला माहीत नको?”

मी गप्प बसले नाही. मला खरंच वाटत होतं, आणि अजूनही बऱ्याच अंशी वाटतं, की प्रश्न कमी विचारावेत. विचारल्याने काय होतं ते मी पाहिलेलं होतं, कारण त्या घोळानंतर लगेच मी दुसरी आवृत्ती दिली होती आणि तिच्यात दर वेळी विचारलं होतं. फाइल काढली की चौकट. पुन्हा काढली की पुन्हा चौकट. सचिव पहिल्या आठवड्यात बघून निवडत होता, दुसऱ्या आठवड्यापासून समोर जे येईल त्यावर ओके करू लागला. महिन्याने उतारे चार ठिकाणी सापडले. त्यांतलं एक ठिकाण होतं ‘न्यू फोल्डर’, आणि दुसरं ‘न्यू फोल्डर’च्या आतलं ‘न्यू फोल्डर’.

“बघा, विचारलं तर हे असं होतं,” मी म्हणाले.

“मग तू विचारलंस कसं ते सांग मला. नीट सांग.”

नाना असं म्हणाले की सुटका नसते. मी लॅपटॉप उघडला आणि त्यांना ती चौकट दाखवली. त्यांनी चष्मा चढवला.

“यात आमची कागदं कुठायत?”

“आत आहेत, पण इथे दिसत नाहीत.”

“का?”

“ही चौकट फोल्डर निवडण्याची आहे, त्यामुळे ती फक्त फोल्डर दाखवते. फाइल दाखवत नाही.”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी सांगितलं की सचिवाचा एकदा रात्री अकरा वाजता फोन आला होता. त्याने पाणीपट्टीचा फोल्डर उघडला होता आणि तो रिकामा होता. सगळं पुसलं गेलं असं समजून पोरगा रडकुंडीला आला होता. सकाळी बघितलं तर सगळं जागच्या जागी. मला हे कोणी कळवलंच नव्हतं. मला ते रिकामेपण दिसतही नव्हतं, कारण मला माहीत होतं की ही चौकट फाइल लपवते. ज्याला माहीत नाही त्याच्या पुढ्यात आपण रिकामं कपाट उघडून धरतो आणि विचारतो, यातच ठेवू ना?

इथे थोडं थांबून सांगायला हवं की ही चौकट आम्हा प्रोग्रामरांनाही कधी धड मिळालेली नाही. फाइल उघडायची चौकट सुरुवातीपासून सगळ्यांनी मनापासून घडवली, फोल्डर निवडायची चौकट मात्र सावत्र राहिली. विंडोज ९५ मध्ये ती आली ती एका अरुंद झाडासारखी. अधिक चिन्हावर टिचकी मारत फांदी फांदी उघडत जायचं. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये फाइलसाठी तयार चौकट होती, फोल्डरसाठी नव्हती. ती विंडोजच्या आतल्या फंक्शनला हाक मारून मागवावी लागे. व्हिस्टामध्ये फाइल उघडण्याच्या मोठ्या चौकटीलाच ‘फोल्डर निवड’ असा पर्याय दिला गेला आणि आजची चौकट मिळाली. तरी मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूपीएफ या साधनात, जे २००६ मध्ये आलं, फोल्डर निवडायची स्वतःची चौकट यायला २०२३ उजाडलं. सतरा वर्षं लोक दुसऱ्या साधनातली चौकट उसनी आणत होते, किंवा फाइल उघडायच्या चौकटीत खोटं नाव टाकून काम भागवत होते. जावाच्या स्विंगमध्ये फाइल निवडायच्याच चौकटीला ‘फक्त डिरेक्टरी’ असं बजावावं लागतं. मला वाटतं, प्रोग्राम लिहिणाऱ्यांना कामाची गोष्ट म्हणजे फाइल वाटते, आणि ती ठेवायची जागा हे वापरणाऱ्याचं काम. त्यामुळे जागेच्या प्रश्नाकडे कोणी फार लक्ष दिलं नाही.

नानांना मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की चौकट माझी नाही, विंडोजची आहे.

“असू दे. बोलावतं कोण? तू बोलावतेस ना? मग येताना तिला काय सांगून आणतेस?”

प्रश्न अगदी नेमका होता. त्या ओळीत तीन गोष्टी सांगता येतात: चौकटीच्या माथ्यावर काय लिहायचं, ती कुठल्या जागी उघडायची, आणि नसलेली जागा चालेल की नाही. मी एकही सांगत नव्हते. म्हणून चौकट कधी डॉक्युमेंट्समध्ये उघडायची, कधी मागे दुसऱ्याच कामासाठी उघडलेल्या जागी. माथ्यावर काय लिहिलंय यावर मी विचारच केला नव्हता.

मग नानांनी रद्द करायचं बटण दाबून बघितलं. “आता काय झालं?”

काही झालं नाही असं मी म्हणणार होते. पण फाइल तयार झाली होती. शोधली तर ती प्रोग्राम जिथून चालू केला त्याच फोल्डरात पडलेली. कारण साधं आहे, पण ते मला तिथे बसून उमगलं. रद्द केलं की टीकेइंटर रिकामी अक्षरमाला परत देतं. रिकाम्या वाटेपुढे फाइलचं नाव जोडलं की उरतं नुसतं नाव, आणि नुसतं नाव दिलं की फाइल प्रोग्रामच्या चालू फोल्डरात जाते. कुठलीही चूक दिसत नाही, कुठलाही इशारा येत नाही.

“म्हणजे मी नको म्हटलं तरी तू ठेवलंसच,” नाना म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. मला मात्र हे फार लागलं. प्रश्न विचारायचा आणि ‘नाही’ हे उत्तर ऐकायचंच नाही, याला विचारणं म्हणत नाहीत.

चहा झाला. नंतर मी माझी बाजू पुन्हा मांडली, कारण चौकट वाईट बोलावली म्हणून विचारणंच बरोबर ठरत नाही.

“नाना, तुम्ही कालव्याचं उदाहरण देता ना नेहमी? खातं चारीच्या तोंडाशी पाणी मोजून देतं. आता मला सांगा, पाणी मोजायचं साधन कुठे बसवायचं हे तुम्ही शेतकऱ्याला विचारता का?”

“नाही.”

“का नाही?”

“विचारलं तर जो तो म्हणेल माझ्या बांधाच्या वर बसवा.” नाना हसले. “बरोबर आहे तुझं. ते विचारायचं नसतं. ते मोजणाऱ्याचं काम आहे.”

“तसंच काही गोष्टी प्रोग्रामच्या असतात. अक्षराचा आकार केवढा, मागच्या वेळी कुठलं पान उघडलं होतं, मधल्या कच्च्या फाइल. त्यांची जागा मी विचारली तर तुम्ही वैतागाल.”

“त्या तुझ्या. त्या ठेव तुझ्या त्या लपलेल्या खणात. पण गेटाच्या आत आलेलं पाणी आमचं. कोणाच्या द्राक्षाला किती, कोणाच्या गव्हाला किती, ते आम्ही ठरवतो, खातं विचारायला येत नाही. पावत्या आमच्या, उतारे आमचे, ठराव आमचे. ते आम्ही म्हणू तिथे.”

इथे आमची मतं जुळली. प्रोग्रामच्या वस्तू आणि माणसाच्या वस्तू असा भेद मी आधी केलाच नव्हता; दोन्ही मी एकाच खणात कोंबल्या होत्या. तरी माझं पुरतं समाधान झालं नाही. मी म्हटलं, दर वेळी विचारणार नाही. एकदाच विचारेन आणि लक्षात ठेवेन. नाना म्हणाले, लक्षात ठेव, पण मला दिसू दे काय लक्षात ठेवलंयस ते. आणि बदलायचं म्हटलं तर बदलता यायला हवं. खिडकीमागे बसून आयुष्य गेलेला माणूस बोलत होता. त्यांच्या फळ्यावर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असायची, म्हणजे पाना नसला तरी त्याची जागा दिसायची.

त्यावरून एक गोष्ट मनात आली. आपल्याकडे कागद रुमालात बांधायची रीत होती. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागद अशा रुमालांत बांधलेले आहेत. गोविंद सखाराम सरदेसाईंनी त्यांतून निवडून १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंड छापले. चौकोनी कापड, चार टोकांची गाठ. फोल्डर हा शब्द आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे फोल्डर होता, आणि तो गाठ मारणाऱ्याच्या हातचा होता. झेरॉक्सने १९८१ मध्ये स्टार नावाच्या संगणकावर कागदाची घडी काढली ती त्यांच्या कचेरीतली. आपल्या कचेरीत ती लाल कापडाची गाठ झाली असती.

आणि जगही हळूहळू नानांच्याच बाजूला सरकतंय, हे मला कबूल करायला हवं. पूर्वी प्रोग्राम संगणकावर आला की घरभर कुठेही हिंडायचा. आता ते बंद होत चाललंय. मॅकवर सँडबॉक्समधल्या, म्हणजे कुंपणात ठेवलेल्या, प्रोग्रामला स्वतःच्या खणाबाहेर सहसा वापरणाऱ्याने चौकटीतून निवडलेल्या फोल्डरातच शिरता येतं. अँड्रॉइडमध्ये २०१४ पासून फोल्डर निवडून परवानगी द्यायची सोय आहे. क्रोम ब्राउझरमध्ये २०२० पासून वेबपानालाही फोल्डर मागता येतो, पण मागावा लागतो. विंडोज १० ने २०१७ मध्ये ठरावीक फोल्डरांना अनोळखी प्रोग्रामांपासून कुलूप लावायची सोय दिली. यांतल्या पहिल्या तिन्हींत फोल्डर निवडणं म्हणजेच परवानगी देणं. जी चौकट मी अडथळा समजत होते, ती उंबरठा झाली आहे.

हे मी नानांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, “मग तुझं म्हणणं काय राहिलं?”

“उंबरठ्यावर माणसाला दर वेळी उभं करू नये, एवढंच.”

“त्याला माझी ना नाही.”

आम्ही दोघं मग रात्री जेवणानंतर बसलो. मी लिहीत होते, नाना सांगत होते. पहिल्यांदा प्रोग्राम उघडला की एकदाच विचारायचं. चौकट डी ड्राइव्हवर उघडायची, तो असेल तर. निवडल्यावर लगेच एक साधी फाइल तिथे लिहून पुसून बघायची, म्हणजे लिहायची मुभा आहे की नाही ते तेव्हाच कळेल, हंगामाच्या शेवटी नाही. निवडलेल्या फोल्डरात आधीपासून किती पावत्या आहेत ते मोजून खाली लिहायचं: ‘या फोल्डरात २१४ पावत्या आहेत.’ मग चौकट रिकामी दिसली तरी पोरगा घाबरणार नाही. निवडलेली पूर्ण वाट पडद्याच्या तळाशी कायम दिसायची, शेजारी ‘बदला’. रद्द केलं तर काही लिहायचं नाही, आणि काही लिहिलं नाही हे सांगायचं.

फोल्डराच्या नावावर पुन्हा वाजलं. मला नावं रोमन अक्षरांत हवी होती, कारण जुने मराठी फॉन्ट वापरलेल्या संगणकांवर देवनागरी नावांची प्रश्नचिन्हं झालेली मी पाहिली आहेत. नाना म्हणाले, आता युनिकोड आहे असं तूच मागच्या वेळी सांगितलंस. सांगितलं होतं खरं. विंडोजची फाइलव्यवस्था नावं युनिकोडमध्येच ठेवते, अडायचे ते जुने प्रोग्राम. मी माघार घेतली. वाट २६० अक्षरांच्या पुढे जाऊ नये, विंडोजची ती जुनी मर्यादा बऱ्याच प्रोग्रामांना अजून बांधते, एवढं मात्र बजावलं. देवनागरीत काना-मात्राही मोजल्या जातात, म्हणून फोल्डरात फोल्डर करताना नाव आखूड ठेवायचं.

शेवटी माथ्यावरचं वाक्य. मी ‘फोल्डर निवडा’ ठेवणार होते. नानांना ते पटेना.

“हे हुकूम सोडल्यासारखं वाटतं. कशासाठी निवडू ते नाही त्यात.”

“मग काय लिहू?”

त्यांनी थोडा विचार केला. “संस्थेचं दप्तर कुठे ठेवू?”

“प्रोग्राम असं ‘ठेवू’ म्हणत नाही, नाना. जगात कुठेच म्हणत नाही.”

“म्हणू दे की. ओझरला म्हणू दे.”

मी ते लिहिलं. मला ते अजूनही जरा मोकळंढाकळं वाटतं. सगळ्या प्रोग्रामांत एकच ठरलेली भाषा असावी, म्हणजे माणूस एका ठिकाणी शिकलेलं दुसरीकडे वापरतो, या मताची मी आहे. नाना त्या मताचे नाहीत.

पुण्याला परतल्यावर डिसेंबरात एका सकाळी त्यांचा फोन आला. रब्बीचं आवर्तन सुरू होतं, आणि मागे गलका ऐकू येत होता. चारीवर माणसं जमली होती. सचिवाने मध्यंतरी दप्तर पेनड्राइव्हवर हलवलं होतं आणि तो पेनड्राइव्ह घरी विसरला होता.

“मग प्रोग्रामने काय केलं?” मी विचारलं. माझ्या पोटात गोळा आला होता.

“म्हणाला, दप्तराची जागा सापडत नाही. पेनड्राइव्ह लावा, किंवा दुसरी जागा दाखवा.”

“आणि?”

“आणि थांबला. आम्ही आधी पाणी सोडून आलो, पावत्या हाताने फाडल्या. आता पोरगा घरी गेलाय पेनड्राइव्ह आणायला.”